सत्तावीस नंबरमधला तळणीचा वास

माझ्याविरुद्धची पहिली लेखी तक्रार आमच्या लिफ्टमध्ये आरशाच्या बरोबर मध्यावर चिकटवलेली होती. त्यामुळे लिपस्टिक ठीक करायला वळलेल्या मला स्वतःच्या तोंडाऐवजी तीच बघावी लागली. ‘सदनिका क्र. २७ मधून दर शुक्रवारी सायंकाळी पाच ते सहा या वेळेत तळणीचा उग्र वास येतो. रहिवाशांना त्रास होतो. उपाय व्हावा.’ खाली सही नव्हती, पण शाई जांभळी होती. आमच्या इमारतीत जांभळ्या शाईनं लिहिणारी व्यक्ती एकच: लिदिया अर्काद्येव्ना, क्रमांक अठ्ठावीस, माझ्या दाराला दार लागून.

मला कोणी शिष्ट म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. उशिरा येते, टाचांचा आवाज करते, कचरा वेगळा करत नाही, हेही सोडून दिलं असतं, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. पण तळणी? माझ्या स्वयंपाकघरात सहा प्रकारचे पेले आहेत, कॉकटेलचा शेकर आहे, बर्फाचे तीन साचे आहेत. फ्रिजमध्ये ऑलिव्हची बरणी, दोन लिंबं आणि डोळ्यांखाली लावायचं मलम. अल्माटीत एकटी राहणारी, अडतीस वर्षांची, अनुवादावर पोट भरणारी बाई घरी जेवत नाही. सोमवारी कोपऱ्यावर लगमानच्या शेवया, मंगळवारी कोरियन खानावळ, बुधवारी उपास, कारण गुरुवारी कोणाला तरी पहिल्यांदा भेटायचं असतं. आणि शुक्रवारी पाच वाजता मी घरात नसतेच. शुक्रवार माझा, हा नियम मी पंधरा वर्षं पाळते आहे. आई होती तेव्हाही पाळत होते. आई गेल्याला वर्ष झालं, नियम तसाच आहे.

तर मी इज्जतीचा प्रश्न केला. त्याच दिवशी खाली इमारतीच्या कार्यालयात गेले.

कार्यालय म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, आणि त्या खोलीत गुल्बर्शिन आपाय. वयानं मोठी बाई म्हणून आपाय म्हणायचं, इतकंच. प्रेमाचा त्यात भाग नाही. त्यांच्यापुढे रहिवाशांची वही असते. ती वही त्या इतक्या जपतात, की तिच्यावर कोपर टेकवलेल्या माणसाचं नळाचं काम तीन महिने होत नाही.

“शुक्रवारी मी घरी नसते,” मी म्हटलं.

“सगळे असंच म्हणतात.”

“माझ्याकडे पुरावा आहे.” मी टेबलावर चार शुक्रवारांची कागदपत्रं मांडली: तीन बारच्या पावत्या आणि एक समरकंदचं विमानाचं तिकीट.

त्यांनी चष्मा लावला आणि पावत्या एखाद्या कोर्टाच्या निकालासारख्या वाचायला घेतल्या. “‘पेटता पामीर’. हे काय असतं?”

“कॉकटेल.”

“आणि ‘आळशी खान’?”

“तेही.”

“दोन दोन?”

“एक माझं नव्हतं.”

माझ्याकडे त्यांनी जी नजर टाकली, ती मी लग्न होईपर्यंत विसरणार नाही. म्हणजे बहुधा कधीच नाही. “पुरावा चालेल,” त्या दुःखानं म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही घरी नसता.”

“नसते.”

“आणि वास येतो.”

“येतो म्हणतात.”

“मग घरात कोण असतं?”

यावर माझ्याकडे पावती नव्हती.

“म्हणजे आता प्रकरण तळणीचं राहिलं नाही,” त्यांना हुरूप आला. “नोंद नसलेली व्यक्ती घरात ठेवणं, हे फार वाईट.” त्यांनी वही उघडली, बोट खाली खाली सरकत आलं आणि थांबलं. चेहरा एकदम निवळला. “अहो, मग प्रश्नच नाही! इथे दोघींची नावं आहेत. मेरुएर्त, म्हणजे तुम्ही, आणि कुल्याश आपाय. त्या तळत असतील.”

“आपाय,” मी म्हटलं, “आई गेली. तुम्ही चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला होतात.”

“होते ना. मांस छान शिजलं होतं. पण दाखला कुठे दिलात?”

दाखला मी दिला नव्हता.

“मग कागदावर त्या इथंच राहतात. आणि राहत्या माणसाला स्वतःच्या घरात तळायचा अधिकार आहे, नियम अकरा. दाखला आणा, मी नाव कापते. मग ह्या वासाचं काय ते पाहू.”

उद्या आणते, म्हणून मी उठले. दाखला माझ्या घरात बाटल्या उघडायच्या स्क्रूच्या खणात आहे. स्क्रू काढताना रोज दिसतो. दुसऱ्या दिवशी नेला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कामाची गर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं. पटण्यासारखं वाक्य जुळवणं हा माझा धंदाच आहे.

लिदिया अर्काद्येव्नांना मात्र जिन्यातच गाठलं.

“तक्रार तुमची ना?”

“माझीच. सही करणार होते, पण सही केली की शेजारधर्म बिघडतो.”

“मी तळत नाही.”

“तू? तुला चहा तरी येतो का याची मला शंका आहे. तू तळतेस असं मी लिहिलंय का? वास येतो, असं लिहिलंय.”

“कसला पण?”

“सरकीच्या तेलाचा. त्यात आधी कांदा जाळलेला, तेलाचा कडूपणा जावा म्हणून. या इमारतीत सरकीचं तेल तुझ्या आईशिवाय कोण आणायचं? दक्षिणेकडची बाई ती. बत्तीस वर्षं मी झरोक्यातून हा वास घेतला आणि बत्तीस वर्षं तक्रार केली. मी तक्रार केली, की अर्ध्या तासात कुल्याश बशी घेऊन दारात हजर. बशीत एक गरम शेलपेक, तुमची ती तळलेली पोळी. मग मी तक्रार मागे घ्यायची. आमची व्यवस्था होती ती.” आणि मग त्यांचा आवाज चढला. “आता वास येतो आणि बशी येत नाही! हा कुठला न्याय?”

एव्हाना वरच्या मजल्यावरच्या पातिगुल आपा लसणाची माळ घेऊन कठड्याला येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या उइगुर आहेत. सल्ला द्यायला त्यांना बोलावणं लागत नाही.

“ती दर शुक्रवारी सात तळायची, मेरू. आपल्या आईबापाच्या नावानं, तुझ्या बापाच्या नावानं. तेलाचा वास वर गेला की गेलेल्यांचं पोट भरतं. आता तिच्या नावानं कोण तळतंय? वर्ष झालं. एक तरी केलास?”

“मला येत नाही, आपा.”

“मग काय करील बिचारी? स्वतःचं स्वतः तळून घेते!”

मी हसले. कोणी तरी हसायला हवं होतं. पण दोघींपैकी कोणीच हसलं नाही. लिदिया अर्काद्येव्ना नास्तिक आहेत, पक्षाच्या सभासद होत्या, त्यांच्याकडे अजून बिल्ला आहे. त्यांनीसुद्धा मान डोलावली.

आता सिरिमविषयी सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते त्याच्यासमोर झालं. डोंगरावरचा बर्फ कोसळणार की नाही हे सांगणाऱ्या खात्यात तो काम करतो. पहाटे चारला उठून डोंगर बघतो, म्हणून आमची पहिली भेट संध्याकाळी साडेचारला ठरली. शुक्रवार होता. मी पाठ उघडी टाकणारा हिरवा पोशाख घातला होता. समुद्रकाट्याच्या आंबट नारिंगी बोरांचं कॉकटेल तिथं फार छान मिळतं. ते निम्मं झालं, तसा तो म्हणाला, “विचारलं तर राग नाही ना? कूळ कोणतं तुमचं?”

“दुलात.”

“मीही दुलात. त्यात?”

“शिमिर.”

त्यानं पेला खाली ठेवला. “सात बाप म्हणून दाखवा बघू.”

आमच्याकडे सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही, म्हणून प्रत्येक पोराला सात बापांची नावं पाठ असावी लागतात. मला ती आईनं वेण्या घालताना शिकवली होती, एका हिसड्याला एक बाप. मी बोटांवर मोजत सुरुवात केली. “ओराझ्बेक, नुरमान, तोक्सान, इस्काक...” आणि पाचवं नाव आम्हा दोघांच्या तोंडून एकदम निघालं. “कोशेन.”

बारमधलं संगीत नेमकं त्याच क्षणी थांबलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचा तो म्हातारा खुर्ची ओढून आमच्या मधे बसला आहे, असं मला वाटलं.

“संपलं,” सिरिम म्हणाला. त्यानं खुर्ची वीतभर मागं घेतली आणि वेटरला हाक मारली. “ह्या मुलीला दुसरं देऊ नकोस. सूप आण.”

“सिरिम, मी अडतीस वर्षांची आहे.”

“म्हणून काय झालं? बहीण ती बहीण. आणि काय गं, हे पाठीला एवढं उघडं कशाला? बाहेर थंडी आहे.”

एका घोटात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. पुरुषांनी मला आजवर बऱ्याच कारणांनी नाकारलं आहे, पण माझ्या पणजोबाच्या आजोबाच्या साक्षीनं, सूप पाजून, अंगावर स्वतःचं जॅकेट घालून नाकारणारा हा पहिलाच. वर तो मला घरी सोडायला आला. बहिणीला एकटं कसं सोडायचं?

आम्ही इमारतीत शिरलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि जिन्याच्या खिडक्यांतून चांगलं ऊन येत होतं. लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर मला तो वास पहिल्यांदा आला.

आधी तेल. मग जळका कांदा. आणि मग सगळ्यात शेवटी मैद्याचा गरम, गोडसर वास. नाकाच्या आधी पायांना कळलं असावं, कारण मी दोन दोन पायऱ्या चढायला लागले होते, शाळेतून आल्यासारखी.

“आई घरी आहेत हे सांगायचं नाही होय?” सिरिम मागून धापा टाकत म्हणाला. “मी हात हलवत आलो!”

मी दार उघडलं. त्यानं बूट काढले, केसांवरून हात फिरवला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं अदबीनं हाक दिली, “अस्सलाम अलैकुम, आपाय!”

आत कोणी नव्हतं. मी शेगडीवर तळवा ठेवला. थंडगार. ओट्यावर शेकर आणि लिंबाची साल, सकाळी होती तशी. फक्त खिडकीची काच आतून वाफेनं पांढरी झाली होती. वाफेवर काही लिहिलेलं वगैरे नव्हतं, आमच्या घरात असले प्रकार होत नाहीत. पण माझ्या हनुवटीच्या उंचीवर, एका बुटक्या बाईचे डोळे येतील त्या ठिकाणी, बशीएवढा एक गोल पुसलेला होता. त्यातून खालचं अंगणाचं फाटक दिसत होतं. आत्ताच आम्ही ज्या फाटकातून आलो, ते.

आई तळता तळता असा गोल पुसायची. मी येते का बघायला.

“कोण आहे इथे?” सिरिमनं हळूच विचारलं.

“कोणी नाही. ती गेल्या मार्चमध्ये गेली.”

खिडकीकडे, छताकडे, झरोक्याकडे त्यानं एकदा नीट पाहून घेतलं. डोंगराकडे असाच पाहत असावा.

“धोका आहे?” मी विचारलं.

“आज नाही,” तो म्हणाला. “पण साठलंय खूप.”

पुढच्या शुक्रवारी समिती आली. मी बोलावली नव्हती. दाखला आला नाही म्हणून गुल्बर्शिन आपायनी परस्पर नेमली. अध्यक्ष त्या स्वतः, तक्रारदार म्हणून लिदिया अर्काद्येव्ना, तज्ज्ञ म्हणून झाकिप नावाचा झरोके साफ करणारा माणूस, शिडीसकट. पातिगुल आपा समितीत नव्हत्या, पण वाटी घेऊन आल्या होत्या. मीठ मागायला, म्हणाल्या. पाच वाजता सगळे माझ्या स्वयंपाकघरात बसले. मी चहा केला. मला चहा येतो, हे लिदिया अर्काद्येव्नांनी बघून घ्यावं म्हणून दोनदा केला. साडेपाच झाले. कशाचाही वास नाही. झाकिपनं माझ्या व्हर्मुथच्या बाटलीकडे तीनदा पाहिलं, म्हणून चौथ्यांदा मी ती उघडली.

“रहिवासी घरी असताना वास येत नाही,” गुल्बर्शिन आपायनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचार केला. “तुम्ही जरा बाहेर जाता?”

“माझ्याच घरातून?”

“चौकशीसाठी.”

मी सपाता घालून बाहेर जिन्यात उभी राहिले. स्वतःच्या दाराबाहेर सपातांत उभं राहायला लावलेल्या बाईचा जो काही मान उरतो, तेवढा सांभाळत. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. पातिगुल आपा कोणाच्या तरी सुनेविषयी काही सांगत होत्या. मग त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. त्या वाक्याच्या मध्ये कधीच थांबत नाहीत.

दाराच्या फटीतून वास आला. कांदा, तेल.

मी कडीला हात लावला नाही. लावता आला असता. पण मी आत गेले की तो थांबतो, हे आता मला माहीत होतं. म्हणून मी कपाळ दाराला टेकवून उभी राहिले आणि जमेल तितका श्वास आत घेतला. इतकंच केलं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. आधी झाकिप बाहेर पडला. शिडी आतच विसरला होता आणि ती न्यायला तो अजून आलेला नाही. मग गुल्बर्शिन आपाय. त्यांनी अहवाल माझ्या हातात दिला. त्यात एकच ओळ होती, ‘हवेचा मार्ग समाधानकारक’. आणि ज्या दाखल्यासाठी त्यांनी तीन निरोप धाडले होते, त्याबद्दल खालच्या आवाजात म्हणाल्या, “दाखल्याची काही घाई नाही हं, मेरू.”

सगळ्यात शेवटी लिदिया अर्काद्येव्ना आल्या. रुमालाला बोटं पुसत होत्या.

“काय झालं आत?” मी विचारलं.

“काही नाही.” त्यांनी रुमाल घडी करून बाहीत खोचला. “मीठ तिचं कधी चुकलं नाही.”

त्यापेक्षा एक शब्द जास्त कोणीही सांगितला नाही. पातिगुल आपानं मात्र जाता जाता माझा दंड धरला. “तूच तळ आता. सात. स्वतःच्या हातानं. म्हणजे तिला तळावं नाही लागणार, मिळेल नुसतं.”

“आणि मग?” लिदिया अर्काद्येव्ना आपल्या दारातून म्हणाल्या. “मग ती कशाला येईल?”

हे वाक्य घेऊन मी आठवडाभर फिरले. लगमानच्या दुकानात त्याच्यासकट बसले. शुक्रवारसाठी इसिक-कुलच्या तळ्याकाठचं आरक्षण केलं होतं, एक दंतवैद्य न्यायला तयार होता. ते रद्द केलं, मग पुन्हा केलं, मग पुन्हा रद्द केलं. हिशेब सरळ होता. तळलं नाही, तर मी दर शुक्रवारी बाहेर जाईन आणि ती दर शुक्रवारी येत राहील, आणि जिन्यात उभं राहून मला तिचा वास घेता येईल. लोक याहून कमीवर जगतात. ती गेली तेव्हा मी तिबिलिसीत होते, एका अशा माणसाबरोबर, ज्याचं आडनाव आता मला आठवावं लागतं. मला घाई नव्हती.

गुरुवारी अनुवाद करता करता मला शुक्रवारची आई दिसली. म्हणजे डोळ्यांसमोर आली, एवढंच. ओट्यापाशी, एका पायावर भार टाकून उभी. आणि माझ्या लक्षात आलं, की तिला मी एकदाही गरम शेलपेक खाताना पाहिलेलं नाही. सहा शेजाऱ्यांकडे जायचे, सातवा निळ्या फुलाच्या वाडग्याखाली माझ्यासाठी झाकलेला असायचा. मी बाहेरून जेवून यायची आणि म्हणायची, नको, तेलकट आहे. सकाळी तो थंड झालेला ती उभ्यानंच चहात बुडवून खायची. अख्खा जन्म उभी. आणि आता मेल्यावरही बाई ओट्यापाशी उभीच, का, तर लेकीला तिचा वास हवा म्हणून.

मी पेन ठेवलं आणि बाजारात गेले.

सरकीचं तेल मोठ्या दुकानात मिळत नाही. बाजारातल्या म्हातारीनं ते लिंबूसरबताच्या बाटलीतून दिलं. “कोणासाठी?” तिनं विचारलं. “आईसाठी,” म्हटल्यावर तिनं बाटली दोन्ही हातांनी पुढं केली.

शुक्रवारी चार वाजता मी मैदा मळायला घेतला. सिरिमला बोलावलं होतं, कारण शेलपेकांवर कुराणातलं म्हणायला कोणीतरी लागतं आणि त्याचा आजोबा मुल्ला होता. तो टोपी घालून, सफरचंदं घेऊन आला, ओट्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तू बर्फाचा चमचा पिठात का घातलायस?”

“मोजायला दुसरा नाही.”

पहिला गोळा लाटण्याला चिकटला. लाटणं म्हणजे अर्थात व्हर्मुथची बाटली. दुसऱ्याला कास्पियन समुद्राचा आकार आला. तेल तापलं, त्यात कांदा टाकला, तेव्हा घरभर एवढा धूर झाला की छताला लावलेलं धुराचा इशारा देणारं यंत्र केकाटायला लागलं आणि सिरिम झाकिपच्या शिडीवर चढून त्याला टोपीनं मारायला लागला. वरच्या गॅलरीतून पातिगुल आपा ओरडत होत्या, “जास्त पातळ नको लाटूस! पोरी, भोक पडेल!” आणि झरोक्यातून, जणू भिंतच बोलते आहे, लिदिया अर्काद्येव्नांचा आवाज येत होता, “कांदा काळा होऊ दे! काळा! तपकिरीला काळा म्हणू नकोस!”

दोन जळले. माझ्या मनगटावर तेल उडालं. पीठ उरलं होतं मोजून सात गोळ्यांचं. मी पहिला खरा गोळा तेलात सोडला. तो करपायला लागला.

“आच कमी कर, बोताम.”

“केली गं,” मी म्हटलं, आणि केली. शेलपेक फुगला, सोनेरी झाला, मी तो उलटवला. दुसरा सोडला. तिसरा.

चौथ्याला माझा हात थांबला.

बोताम म्हणजे उंटाचं पिल्लू. मला असं म्हणणारं माणूस एकच होतं. मी सिरिमकडे पाहिलं. तो शिडीवर होता, आणि माझ्याकडे अजिबात बघायचं नाही असं ठरवून यंत्राकडे बघत होता. पातिगुल आपा उइगुर बोलतात. लिदिया अर्काद्येव्ना केव्हाच झरोक्यापासून निघून माझ्या दारात रिकामी बशी घेऊन उभ्या होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

उरलेले चारही मी त्याच आचेवर तळले. एकही करपला नाही.

सिरिमनं कुराणातलं म्हटलं. त्याचा आवाज चांगला आहे, हे बारमध्ये कळायला मार्ग नव्हता. आम्ही ओंजळी उघड्या धरल्या, मग चेहऱ्यावरून फिरवल्या. लिदिया अर्काद्येव्नांनीही फिरवल्या, थोड्या उशिरा, बघून बघून. मी खिडकीजवळची खुर्ची ओढून ओट्यासमोर ठेवली, सातवा शेलपेक टेबलावर निळ्या फुलाच्या वाडग्याखाली झाकला आणि बाकीचे सहा घेऊन इमारतभर फिरले. गुल्बर्शिन आपायनी आपला उभ्यानंच, वहीपासून लांब धरून खाल्ला.

परत आले. सिरिम दारात बूट घालत होता.

स्वयंपाकघरातली खुर्ची फिरली होती. ओट्याकडे पाठ, टेबलाकडे तोंड. वाडगा बाजूला ठेवलेला. टेबलावर शेलपेक अर्धाच होता, हातानं फाडलेला, अजून वाफाळता.

“सिरिम, तू खाल्लास?”

“मी? मी तर इथे बूट घालतोय.” त्यानं आत डोकावलं, खुर्चीकडे पाहिलं. मग ज्या स्वरात तो आकाशवाणीवर रस्ते उघडल्याचं सांगतो, त्या स्वरात म्हणाला, “उतरलं. आता ठीक आहे.”

उरलेला अर्धा मी समोरच्या खुर्चीवर बसून खाल्ला. गरम होता. तेलकटही होता.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम बाहेर गेले. एकच पेटता पामीर घेतला आणि साडेपाचला परत आले. जिन्यात रंगाचा वास होता, मांजरांचा होता. तिसऱ्या मजल्यावर थांबले. चौथ्यावर थांबले. स्वयंपाकघराची काच लख्ख कोरडी होती, आणि तिच्यातून खालचं फाटक साधं फाटकासारखं दिसत होतं. मी बराच वेळ कोट न काढता उभी होते.

सोमवारी लिफ्टमध्ये नवा कागद होता. जांभळी शाई, आणि या वेळी खाली ठसठशीत सही. ‘या शुक्रवारी सदनिका क्र. २७ मधून कोणताही वास आला नाही. रहिवाशांना त्रास होतो. उपाय व्हावा.’ त्याखाली गुल्बर्शिन आपायचा शेरा: ‘क्र. २७ ने लेखी खुलासा करावा.’

मी स्क्रूचा खण उघडला. खुलासा लिहायला मला तीन दिवस लागले. लांबीच्या मानानं माझ्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात सावकाश काम. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, मनगटाला नवा चटका घेऊन, तो मी खाली कार्यालयात नेऊन दिला:

‘गेल्या शुक्रवारी मी तळले नाही, म्हणून वास आला नाही. यापुढे दर शुक्रवारी पाच ते सहा या वेळेत मी घरी असेन आणि वास येईल. वहीतले दुसरे नाव कमी करावे. सोबत: दाखला, एक. शेलपेक, एक, गरम.’